धुरा मोडला त्या वर्षीचं धान

धान फुलावर आलं की शेताला एक वास सुटतो. फुलांचा वास म्हणावा तसा तो नसतो. नुकत्याच उतरवलेल्या भाताच्या पेजेवर वाफ असते ना, त्या वाफेच्या जवळचा. सकाळी दव सुकलं की येतो, तासाभरात जातो. यंदाही आला. मी अंबाडी खुडत बसले होते, हात थांबला. बाकीच्यांना त्या वासानं बरं वाटतं. मी मात्र मान वर करून बघते, कोण कुठे उभं आहे ते.

ही खोड मला एका खरिपानं लावली. खोटं कशाला बोलू, खोड आधीचीच होती. त्या खरिपानं ती वाढवली.

आम्ही तेव्हा नुकतेच इथे राहायला आलो होतो. त्याआधीची सगळी वर्षं रायपुरात गेली, बूढापाऱ्यात तलावाच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत. हे रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर विहारात ओळख असलेल्या तीन घरांनी ठरवलं की लागून लागून जमीन घ्यायची. भनपुरीच्या पुढे, ट्रकांची रांग संपते तिथून अजून तासभर आत. शेती एकत्र करायची, राहायला एका ओळीत खोल्या बांधायच्या, आणि चूल तिन्ही घरांची एकच. एक घर आमचं. दुसरं खोब्रागडे भाऊजींचं, ते स्टील प्लांटमध्ये होते. ही सगळी कल्पना त्यांचीच. त्यांची बायको शशीकला वहिनी, माझ्याच वयाची. तिसरं घर डोंगरेचं. तो भनपुरीच्या एका गोदामात कामाला जायचा, आणि त्याची बायको रीना, वयानं माझ्या मुलीएवढी, मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देणारी.

आमच्या वाट्याची जमीन माझ्या नावावर झाली. बाईच्या नावावर रजिस्ट्रीला खर्च कमी लागतो म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. तरी पण माझ्या नावावर तोपर्यंत रेशन कार्डावरच्या ओळीशिवाय काहीही नव्हतं. आता एक बांधी होती, म्हणजे धानाचं खाचर, चारही बाजूंनी मातीचा धुरा, म्हणजे बांध, असलेली. मी रोज सकाळी त्या धुऱ्यावरून फिरून यायची. कोणी बघितलं तर चारा बघते आहे असं दाखवायची.

जूनमध्ये, पेरणीच्या आधी, खोब्रागडे भाऊजींनी विषय काढला की मधले दोन धुरे मोडायचे. तीन बांध्यांची एकच मोठी बांधी करायची. म्हणजे ट्रॅक्टरला वळायला जागा मिळते, पाणी सारखं बसतं, आणि धुऱ्यात बिळं करून राहणारे उंदीर-खेकडे जातात. हे सगळं बरोबरच होतं. चुकीचं बोलणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नाही. जो सगळं बरोबर बोलतो त्याच्याकडे मी नीट बघते.

माझी आई भंडाऱ्याकडची. तिच्या बाजूच्या शेतवाल्यानं दरसाल धुरा कोरला. एका साली एकच फावडं. एका फावड्याला कोण भांडतं? मी चौथीतून शाळा सोडली त्या साली आईनं पायानं मोजलं तर धानाची एक अख्खी ओळ गेली होती. तो शेजारी आमच्याकडे चहा प्यायला यायचा, आईला ताई म्हणायचा. धुरा कोरणारा माणूस शिव्या देत येत नाही, हे मी तेव्हा शिकले. शाळेत शिकलेलं बरंचसं विसरले, हे राहिलं.

धुरे मोडायच्या आधी एक कागद झाला. टाइप केलेली चार पानं, हिंदीत. ओसरीत सतरंजी टाकून सगळे बसले. यांनी सही केली, भाऊजींनी आणि वहिनीनं केली, डोंगरेनं मोबाइलवर बोलता बोलता केली. मग कागद माझ्यापुढे आला, कारण जमीन माझ्या नावावर.

मी वाचायला लागले. मला वाचता येतं. पण जोडाक्षर आलं की मी थांबते, ओठ हलवते, आणि कोणी बघत असेल तर तीच ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचते. पहिलं पान अर्धं झालं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान गरम झाले.

"वैनी, आरामात वाचा," भाऊजी म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

"अवं, कर ना सही," हे हळूच म्हणाले. "सगळे बसले हायेत."

मी चारही पानांवर सही केली. वाचलं अर्धं पान आणि सही चार पानांवर. जो माणूस आरामात म्हणतो तो घड्याळ कशाला बघतो, हा विचार त्या दिवशी दुपारी डोक्यात आला आणि मग गेलाच नाही.

संशयाला खायला फार लागत नाही. चूल एक असली की त्याला तीन घरांचं मिळतं. शशीकला वहिनीच्या स्वयंपाकाच्या पाळीला वरणात हिंग जास्त असायचा. मला वाटायचं, डाळ जुनी असेल, वास झाकते आहे. वहिनी आणि रीना हसत असल्या आणि मी आले की हसणं थांबायचं. आता कळतं की माझंच तोंड तसं असायचं, हसणाऱ्यानं थांबावं असं. पण तेव्हा मी मोरीत जाऊन उभी राहायची, ऐकायला. ऐकू यायचं ते एवढंच, की रीनाच्या सासूला कुठली मालिका आवडते.

ट्रॅक्टर आला आणि धुरे मोडले. एवढंच. एका दुपारचं काम. मी खोलीच्या दारातून बघितलं. माती दोन्ही बाजूंना पसरली. यांनी आत येऊन हातपाय धुतले आणि म्हणाले, "मस्त मैदान झालं, पाह्य."

"आपली कुठून कुठपर्यंत?" मी विचारलं.

"आता आपली-त्यांची काय? सगळी एकच ना."

"एकच म्हणजे कोणाची?"

बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एवढे प्रश्न एका ठिकाणी विचारले नव्हते. "तू बी ना," म्हणून ते गमछा घेऊन बाहेर गेले.

आमच्या शेजारी बिसाहिन नावाची इथलीच बाई राहते. तिच्या शेतात करगा फार होता. करगा म्हणजे रानधान. पान तसंच, उंची तशीच, लोंबी येईपर्यंत खऱ्या धानापासून ओळखू येत नाही. आणि लोंबी आली की पिकायच्या आत दाणे खाली झाडून मोकळा होतो, पुढच्या साली दुप्पट उगवायला. म्हणून बिसाहिन त्या साली जांभळ्या पानाचं धान लावणार होती. सगळं शेत जांभळं, त्यात जे हिरवं दिसेल ते उपटायचं. तिचे पऱ्हे तयार होते, वाफाभर रोपं, अजून काळसर हिरवीच. मी ते बघत उभी राहिले आणि माझ्या डोक्यात ती गोष्ट आली. चांगल्या माणसाच्या डोक्यात ती आली नसती.

"दोन-चार जुड्या दे ना," मी म्हटलं.

"काय करबे दीदी?"

"लावून बघते, कसं येतं."

"हव, ले जा," ती म्हणाली, आणि बदल्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी मागून घेतली.

रोवणीच्या दिवशी आम्ही सगळ्या बाया चिखलात होतो. रोवणी करताना वाकून मागे मागे सरकायचं असतं, त्यामुळे पुढचं दिसतं आणि मागचं पायांना कळतं. सगळीकडे पाय पोटरीपर्यंत जात होता. एका ठिकाणी तो कमी गेला. खालची माती टणक होती. मी एक पाऊल बाजूला टाकलं, पुन्हा खोल. परत आले, टणक. कितीतरी वर्षं माणसांनी चालून चालून दाबलेला धुरा वरून मोडला होता, खालून तिथेच होता. दुपारी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा मी डोकं दुखतं म्हणून मागे राहिले. पायांनी तो धुरा शोधत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि पाय कमी रुतेल तिथे जांभळं रोप लावत गेले. त्या लहान वयात पानं काळसर हिरवी दिसतात. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी जेवायला गेले तेव्हा वहिनीनं माझं ताट झाकून ठेवलं होतं. मी झाकण काढून आधी बघितलं, भाजी सगळ्यांएवढी आहे का. होती. जराशी जास्तच होती. त्यावरही मी विचार केला, की जास्त काहून?

पण धान वाढतं, हे मी धरलंच नव्हतं. भादो, म्हणजे भाद्रपद, लागला आणि त्या हिरव्या मैदानात एक जांभळी रेघ उभी राहिली. थोडी वाकडी, जसा धुरा होता तशीच वाकडी. रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यालाही दिसेल अशी.

"काकी, ये तो साड़ी की किनार जैसा लग रहा है," रीना म्हणाली. "किसने लगाया?"

"बिसाहिनचे पऱ्हे मिसळले असतील."

"एकदम लाइन में मिसळले?" ती हसली. हिंदी बोलणाऱ्या पोरीला नेमका तेवढा मराठी शब्द बोलायचा होता.

भाऊजी त्या रेघेकडे बघून काही बोलले नाहीत. हे काही बोलले नाहीत, पण दोन दिवस माझ्या हातचा चहा उभ्यानंच प्यायले. त्या न बोलण्याचा मला जास्त राग यायचा. बोलले असते तर मी खोटं बोलून मोकळी झाले असते. आज वाटतं, त्या सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि मला एकटीला वाटत होतं की मी लपवून ठेवलं आहे. एका चुलीवर राहणारी माणसं एकमेकांचं न बघता बघतात. बाहेरून आलेला त्याला प्रेम म्हणेल. मला अजूनही ती पाळत वाटते, आणि मीही ती करते.

मग फुलाचे दिवस आले, तो वास आला. त्या साली असं ठरलं होतं की या बांधीचं धान बियाण्यासाठी ठेवायचं, आपल्यालाही आणि गावातल्या आणखी काही घरांनाही. बियाण्यात दुसरं काही मिसळून चालत नाही. एका सकाळी मी चूल पेटवत होते आणि सहज बाहेर बघितलं. शशीकला वहिनी साडी खोचून बांधीत उतरली होती, हातात विळा. ती माझी रेघ कापत होती.

मी धावले. लाकूड हातात तसंच, पुढच्या टोकाला जळत असलेलं. आयुष्यात मी कधी मोठ्यानं ओरडले नव्हते, बाळंतपणातसुद्धा दात दाबून होते.

"सोड! माझा धुरा हाय तो!"

वहिनी सरळ उभी राहिली. चार पावलांएवढी रेघ कापून झाली होती. माझा आवाज ऐकून खोल्यांमधून सगळे बाहेर आले. बिसाहिनही तिच्या शेतात उठून उभी राहिली.

"धुरा?" वहिनी म्हणाली. "मी तं बियाण्यात भेसळ नको म्हणून काढून राहिली."

"तुम्हाले माझी बांधी पाहिजे. म्हणून धुरा मोडला, आता खूणही मोडता."

"माय वं! मले तुझी बांधी काय करायची? माझी मलेच सांभाळत नाही. आन् ते लाकूड खाली ठेव आधी, धान पेटवशील."

मी लाकूड चिखलात टाकलं. ते चुर्र करून विझलं.

"घरात चल," हे म्हणाले. इतकं लाजलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"नाही चलत. मले तो कागद पाहिजे. मले तो वाचू द्या. कोणी घड्याळ पाहायचं नाही."

हे मी बोलले, यावर मला अजून विश्वास बसत नाही.

भाऊजी आत गेले आणि कागद घेऊन आले. आम्ही ओसरीत बसलो. चूल विझली ती विझलीच, त्या दिवशी दुपारी सगळ्यांनी मुर्रा, म्हणजे चुरमुरे, आणि कांदा खाल्ला. मी वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवत. लाज वाटायची ती पहिल्या पानावरच वाटून संपली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की पाच वर्षांच्या आत कोणी वेगळं झालं तर त्याला समान क्षेत्राची जमीन समूहानं निर्धारित केलेल्या जागी दिली जाईल.

"निर्धारित म्हणजे?" मी विचारलं.

"मतलब वो लोग तय करेंगे," रीना म्हणाली.

"कोण लोग?"

तिनं सगळ्यांकडे बघितलं. "हम ही लोग, काकी."

"म्हणजे माझीच बांधी मले परत भेटन असं नाही. तुम्ही म्हणान ती. नाल्याकडची खडकाची पण."

डोंगरेनं मोबाइल खिशात ठेवला. शशीकला वहिनी नवऱ्याकडे वळली. "हे लिवलं होतं? आन् मले सही करायले लावली? माझी जागा बोअरच्या बाजूची हाय, तिच्यासाठी मी माझ्या बांगड्या मोडल्या!"

"वकिलानं टाकलं असन," भाऊजी म्हणाले. "खरं सांगू? चारही पानं मीही नाही वाचली. दोन वाचली. मले वाटलं, आपल्यातच तं हाय."

त्यांनी खरंच वाचलं नव्हतं, की वाचून त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. त्यांचा चेहरा खरा वाटत होता. पण आईच्या त्या शेजाऱ्याचाही वाटायचा.

मग भाऊजींना राग आला. त्यांचाही हक्क होता. "एवढा अविश्वास असन तं धान निघाल्यावर धुरे परत घाला," ते म्हणाले. "ज्याची त्याची बांधी, ज्याची त्याची चूल. मले काय!" आणि यांनी मान खाली घातली, म्हणजे चालेल असं.

मला जे पाहिजे होतं ते समोर आलं होतं. माझे चार धुरे. हो म्हटलं असतं तर झालं असतं. पण मी त्या चार महिन्यांत बघितलं होतं की एका बांधीत पाणी कसं सारखं उभं राहतं. माझी बांधी उतरतीची, एकटी असती तर ऑगस्टच्या उघाडीत फाटली असती. वहिनीच्या बोअरचं पाणी कोणी न सांगता माझ्या टोकापर्यंत आलं होतं. आणि मला असंही दिसलं, की धुरा असला की तो दोन्ही बाजूंनी कोरता येतो.

"धुरा नको," मी म्हणाले. "कागद बदला. ज्याची जिथली होती तिथलीच त्याले भेटली पाहिजे. नकाशा काढा, मापं लिवा."

वहिनी लगेच म्हणाली, "माझंही तेच."

कागद बदलायला तीन आठवडे लागले. नवा आला तेव्हा मी पुन्हा सगळा वाचला, एक अख्खी दुपार. तेव्हापासून इथे कुठलाही कागद आला, खताचा असो की विजेचा, तो आधी माझ्याकडे येतो. "काकी की कोर्ट," रीना म्हणते. लोकांना वाटतं हा माझा मान आहे. मला कधी कधी वाटतं, उद्या काही चुकलं तर तिनंच वाचलं होतं असं म्हणायला बरं, म्हणून देतात. तरी मी वाचते.

नवा कागद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन बांधीत गेले. रेघ काढायची होती, बियाणं वाचवायला. दाण्यात तेव्हा दूध भरलं होतं. नखानं दाबलं की पांढरा थेंब यायचा. अशा वेळी धान कापणं म्हणजे पाप. बिसाहिन तिच्या धुऱ्यावरून मला बोलली, बरंच बोलली, आणि कापलेलं सगळं गाईसाठी घेऊनही गेली. मी एका टोकापासून सुरू केलं. थोड्या वेळानं बघितलं तर दुसऱ्या टोकाला शशीकला वहिनी वाकलेली. मी बोलावलं नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींकडे सरकत होतो, मध्ये ती जांभळी रेघ कमी होत होती. मी कापत होते, पण डोळा तिच्या विळ्यावर होता, की तो माझ्या बाजूला किती झुकतो.

समोरासमोर आलो तेव्हा तिनं कंबर सरळ केली. घाम पुसला.

"तू तं येडीच हायस," ती म्हणाली. "धान कोणी लावते का खूण म्हणून? ते वाढते, सगळ्याले दिसते."

"मग काय लावायचं?"

तिनं आजूबाजूला बघितलं. "मी पाटा पुरला. माझा फुटला होता ना, त्याचा अर्धा. ट्रॅक्टर यायच्या आदल्या दिवशी, माझ्या कोपऱ्यावर. आमच्या ह्यायलेही नाही सांगितलं."

मग आम्ही दोघी हसलो. चिखलात उभ्या राहून, पोट धरून, रीना दारात येऊन बघेपर्यंत. त्या वर्षात मी पहिल्यांदा तशी हसले असेन. आणि हसता हसताच माझ्या मनात आलं, कोपऱ्यावर म्हणजे नेमकं कुठे? तिच्या बाजूला, की माझ्या?

तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आता इतकी वर्षं झाली, आम्ही एका चुलीवर जेवतो. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा तिनंच माझ्या डोळ्यात थेंब टाकले, दिवसातून सहा वेळा, महिनाभर. पाच वर्षांची मुदत संपली तेव्हा कोणी वेगळं झालं नाही. तरी दरवर्षी धान उचललं की हरभऱ्यासाठी नांगरणी होते, आणि तेवढे दोन दिवस मला दुसरं काही सुचत नाही. मी वरांड्यात बसून फाळाचा आवाज ऐकते.

परवा ट्रॅक्टरवाला मनीराम भैया, आम्हा म्हाताऱ्यांना दाई, म्हणजे आई, म्हणणारा, तारीख ठरवायला आला होता. हे आत होते. मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, भैया, नांगरताना कुठे दगड लागला तर काढू नका, तिथेच थांबा आणि आधी मला हाक मारा, दुसऱ्या कोणाला नाही.

तो हसायला लागला. म्हणाला, "हव दाई. उधर वाली दाई भी हर साल यही बोलती है."